घसा दुखतोय: गुळण्यांवर भागेल, की डॉक्टरकडे जायचं?

पोरगी सकाळी घसा धरून उठली, की घरात दोन पक्ष पडतात. आजीचं मत मिठाच्या गुळण्या, बाबांचं मत मागच्या वेळची उरलेली ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक. ठरवायचं असतं ते एवढंच, की हा व्हायरस आहे की स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) हा जिवाणू.

मुलांच्या घसादुखीत व्हायरसचीच शक्यता जास्त. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत? मग आजी जिंकली. गुळण्या, तापाला पॅरासिटामॉल, गरम वरणभात.

स्ट्रेप मात्र अचानक गाठतो, तोही बहुधा 5 ते 15 वयात. रात्री नीट जेवलेल्या मुलाला सकाळी थुंकी गिळवत नाही, अंगात ताप, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. खोकला मात्र नसतो. काहींना पोटदुखी, उलट्याही होतात. मोबाईलचा टॉर्च लावा, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबा: टॉन्सिल लालभडक, टाळूवर बारीक लाल ठिपके. टॉन्सिलवरच्या पांढऱ्या डागांवर फार विसंबू नका, ते व्हायरसमध्येही दिसतात. अंगावर पॉलिश पेपरसारखं खरखरीत पुरळ आलं, तर संशय बळावतो. खात्री घशाच्या स्वाबनेच, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यानेच होते. रॅपिड टेस्ट काही मिनिटांत, कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायला) एक-दोन दिवस.

तेवढं थांबलं तर चालतं का? चालतं. स्ट्रेपचा घसाही बहुतेकदा आपोआप बरा होतो. औषध द्यायचं ते मुख्यतः हृदयासाठी. नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप (रुमॅटिक फिव्हर) येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तरी हा धोका टळतो.

औषध म्हणजे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण 10 दिवस. या जंतूवर पेनिसिलिन आजही चालतं. ॲझिथ्रोमायसिनला मात्र त्याचे काही प्रकार दाद देत नाहीत. म्हणून बाबांची स्ट्रिप बाद. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि एक घरगुती भानगड: पाणी घालून तयार केलेलं ड्राय सिरप बऱ्याचदा आठवडाभरच टिकतं. लेबल वाचून दुसरी बाटली आधीच आणून ठेवा, नाहीतर ताप उतरलेला असतो आणि कोर्स सातव्या दिवशीच संपतो.

लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, श्वास अडतोय किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसतोय, तर तुलना सोडा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

शाळेचं म्हणाल तर स्ट्रेपमध्ये औषध सुरू होऊन एक दिवस झाला आणि ताप नसला, की पाठवा.