अकरा वर्षं जुन्या पीसीत एसएसडी टाकून सात-आठ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

आधी मशीन काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. २०१४ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय-५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ (जुन्या प्रकारच्या) रॅम आणि ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. पुण्यात धनकवडीला घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं काम करते, पुस्तकं, दिवाळी अंक, मधूनमधून कोणाची तरी लग्नपत्रिका. पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर, हो तोच २००१ चा, हसू नका, माझे जुने प्रेसवाले अजून त्याचीच फाइल मागतात. आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आहे ज्याचं डाँगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, मागे लावल्याशिवाय काहीच चालत नाही. हे डाँगल लक्षात ठेवा, सगळं घोडं शेवटी तिथेच अडतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, म्हणजे दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागतो त्या दिवसांत, मशीन इतकं स्लो झालं की बटण दाबून कुकर लावून यायचं तरी डेस्कटॉपवरचे आयकॉन येतच असायचे. पेजमेकरमध्ये फोटो लावला की हँग. वर दिवसातून एखाद वेळी आपोआप रीस्टार्ट. दुकानात नेलं तर काउंटरवरच्या दादांनी डबा उघडलाही नाही, "ताई, यात आता पैसे घालू नका, नवीनच घ्या", आणि चाळीस हजाराच्या वरचं कोटेशन हातात. दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर ते म्हणाले मदरबोर्ड बदलू. आता बोर्ड बदलायचा म्हणजे या प्रोसेसरचं सॉकेट नवीन बोर्डाला नाही, म्हणजे प्रोसेसर बदला, डीडीआर३ बसत नाही म्हणजे रॅम बदला, मग जुनं राहिलं काय, तर पत्र्याचा डबा आणि पुढचा बंद पडलेला यूएसबी.

म्हणून घरी येऊन आधी टास्क मॅनेजर उघडून बसले, आणि हे कोणीही करावं, फुकट आहे. मशीन अडकलेलं असताना प्रोसेसर १०-१५ टक्के, रॅम आठातली पाच वापरात, आणि डिस्क १०० टक्के, तीही हलायला तयार नाही. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलेला, डिस्ककडून माल कधी येतोय याची वाट बघत. फिरणाऱ्या डिस्कचं गणित साधं आहे, ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा मारायला ८ मिलीसेकंद घेते, त्यात ते हेड योग्य जागी जायचा वेळ वेगळा, म्हणून विखुरलेल्या बारीक फाइली वाचायच्या तर सेकंदाला शंभर-दीडशे वाचनं झाली तरी खूप. विंडोज चालू होताना नेमक्या अशा हजारो बारीक फाइलीच वाचतं. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तीत फिरणारं काही नाही, तीच वाचनं हजारोंनी होतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावलं तर त्यात पिवळं कॉशन, पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे दाखवतंय, म्हणजे डिस्क नुसती स्लो नाही, निघायच्या बेतात आहे. सगळ्यात आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या, मग बाकीचं.

खर्चाचा नियम मी एकच केला, जो पार्ट उद्या दुसऱ्या मशीनला लागेल त्यावर पैसे घालायचे, जो या बोर्डाबरोबरच जाणार त्यावर एक रुपया नाही. दुरुस्ती की अपग्रेड की नवीन, हा वाद त्याने बराचसा आपोआप मिटतो.

एसएसडी या नियमात बसते. ५०० जीबीची अडीच इंची साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी घेतली, तेव्हा तीन हजारांच्या आसपास पडली. दुकानदार एनव्हीएमई घ्या म्हणत होता, कारण ती खूप फास्ट, पण तिला लागणारा एम.२ स्लॉटच या बोर्डाला नाही, आणि कार्ड लावून बसवली तरी इतक्या जुन्या बोर्डांचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) सहसा तिच्यावरून बूट करत नाही. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, माझ्या कामाला पोटभर. एक गोष्ट मात्र बघून घ्या, एच८१ ला चार साटा पोर्ट असले तर त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे असतात, बाकीचे ३ चे. बसवणाऱ्याने हाताला आली त्या केबलला जोडून दिली होती, मी बोर्डवरची अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचून बदलून घेतली. विंडोज नव्याने न टाकता क्लोनच केलं, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, कारण डाँगलचा ड्रायव्हर आणि जुने फॉन्ट पुन्हा बसवताना काय होईल याची खात्री कोणीच देईना.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोही बदलला, रीस्टार्टचं दुखणं त्यातच निघालं, आत कपॅसिटर फुगलेले होते. चांगल्या कंपनीचा घेतला, दोन हजारांच्या वर गेला, पण साधा एटीएक्स, म्हणजे बाजारातल्या ठरलेल्या मापाचा आहे, पुढच्या असेंबल्ड मशीनला सरळ लागेल. यूपीएसची बॅटरी तापकीर गल्लीतून आणली, १२ व्होल्ट ७ एएचची, कारण गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाईट कधी जाईल याचा इकडे नेम नसतो. रॅम नाही घेतली. डीडीआर३ पुढे कुठेच बसणार नाही आणि आठातली तीन तशीही रिकामी होती. बोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारा सीमॉस सेल मात्र बदलला, नियम मोडून, कारण तीस-चाळीस रुपयांचा तो गोल सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर बँकेच्या साइटलाच असुरक्षित म्हणायला लागतो, आणि आपण उगाच नेटवाल्याला फोन करत बसतो.

आता इतक्या महिन्यांनी. बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत काम सुरू होतं, हे अजूनही तसंच आहे, उतरलेलं नाही. दोन दिवाळी अंक आणि एक जाडजूड चरित्र याच मशीनवर निघालं. फोटो लावताना अडकत नाही, फाइल सेव्ह करताना श्वास रोखून धरावा लागत नाही. रीस्टार्ट एकदाही नाही.

पण जे सुधारलं नाही तेही सांगते, नाहीतर लोक एसएसडीला जादूची कांडी समजतात. मोठ्या पुस्तकाची पीडीएफ काढायला जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते प्रोसेसरचं काम आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना पंखा गिरणीसारखा घरघरतो. यूट्यूबवर काही व्हिडिओ अडखळतात, कारण नवीन एव्हीवन फॉरमॅट उलगडायची सोय या ग्राफिक्समध्ये नाहीच, सगळा भार प्रोसेसरवर येतो. आणि एसएसडी बिघडली तर पुष्कळदा हार्ड डिस्कसारखी कुरकुर करत आठवडाभर इशारा देत नाही, सरळ दिसेनाशी होते, त्यातून डेटा परत काढणंही अवघड, म्हणून रोजचं काम संपलं की बाहेरच्या डिस्कवर कॉपी ही सवय सोडलेली नाही.

खरी अडचण वेगाची नाहीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, माझा चौथ्या पिढीतला. घरगुती वापरासाठी एक वर्षाचे वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, ते मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडून आणि सेटिंगचा बॅकअप चालू करून फुकट घेतले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून अकरा जबरदस्तीने टाकता येतं, भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलंय, चालतंयही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. शिवाय अकरामधलं मेमरी इंटिग्रिटी नावाचं सुरक्षेचं फीचर चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरना अडवू शकतं, माझ्या डाँगलचा ड्रायव्हर त्यात गेला तर ऐन अंकाच्या वेळी मी काय करू. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून लावून बघितलं, सुरेख पळतं, मराठी टायपिंगही होतं, पेजमेकर आणि डाँगलवर पोट नसतं तर तेच टाकलं असतं.

यंदाची, म्हणजे २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे अंक छपाईला जायची घाई आणि अपडेट संपायची तारीख दोन्ही ऑक्टोबरातच. म्हणून तोपर्यंत हे मशीन नेटवरून काढायचं, फक्त पेजमेकर आणि डाँगलपुरतं ठेवायचं, आणि मेल, बँक, युनिकोडमधली कामं यासाठी दुसरं घ्यायचं. कोरं करकरीत नको. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून रॅमचे भाव गेल्या दिवाळीपासून असे चढलेत की असेंबल्डचं कोटेशन आता आणखी फुगलंय. आयटी कंपन्यांतून लीज संपून बाहेर पडलेले डेस्कटॉप पुण्यात पुष्कळ मिळतात, आठव्या-नवव्या पिढीचे, ते बघतेय. त्यात एकच मेख, कंपनीच्या बऱ्याच डब्यांत एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला बसत नाही. त्यामुळे दुकानात गेले की आधी डबा उघडायला लावणार, आतला एसएमपीएस बघणार, आणि साधा एटीएक्स लागत नसेल तर किमतीत तेवढे पैसे कमी करा म्हणणार, नाहीतर पुढचं दुकान.