टोमॅटो टायमर: काम करतो पण आवाज फार

क्रॉफर्ड मार्केटला १८० रुपयांत हा चावीचा किचन टायमर घेतला, आकार टोमॅटोचाच, कारण ते पोमोडोरो करून बघायचं होतं, म्हणजे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, चार राउंड झाले की मोठा ब्रेक. फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकात काढलेली आयडिया, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटोच. फोनवर टायमर लावला की व्हॉट्सॲप उघडलंच समजा, इथे ती भानगडच नाही. पण टिकटिक केवढी! आणि घंटी वाजली की लोअर परळचं अख्खं ऑफिस वळून बघतं, शेजारची म्हणाली, "अगं, कुकर लावलायस का?" आता रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवते. मिनिटभर इकडेतिकडे होतं, चालतं. विरार फास्ट मात्र आता वेळेत मिळते हां. चार स्टार.