पफ पेस्ट्रीच्या गोठवलेल्या तयार शीट: आदल्या दिवशीच्या तयारीसाठी

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच पफ भरून ठेवता यावेत, एवढ्यासाठी मी लोणी वापरून केलेल्या या गोठवलेल्या शीट घेतल्या आणि त्या कामाला त्या चोख उतरल्या. पाकीट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की शीट न तुटता उलगडते. ओट्यावर घाईने सैल केल्यास मात्र लोणी मऊ होऊन पदर एकमेकांना चिकटतात आणि पफ हवे तसे फुगत नाहीत. सारण पूर्ण गार आणि कोरडे असावे, हे वेगळे सांगायला नको. शीट गार असतानाच भरलेले कच्चे पफ ताटात सुटे ठेवून गोठवावेत, कडक झाल्यावर डब्यात घालावेत आणि खायच्या वेळी तसेच 200 अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावेत. वेळ थोडा जास्त लागतो, पण कडेला पदर एकेक सुटून वर आलेले स्पष्ट दिसतात. आधीच भाजून ठेवलेले पफ ओव्हनमध्ये पुन्हा बऱ्यापैकी खुसखुशीत होतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र मऊ पडतात. माझी तक्रार घडीबद्दल आहे: तिथे शीटला चीर जाते आणि ती बोटाने दाबून सांधावी लागते, नाहीतर सारण नेमके तिथूनच बाहेर येते.