अभिनयाचा तीन महिन्यांचा वर्ग : आवाजासाठी उत्तम, कॅमेऱ्यासाठी अपुरा

नोकरी सांभाळून रंगभूमीवर आणि पडद्यावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यात शनिवार-रविवार चालणारे अभिनयाचे वर्ग आता बरेच झाले आहेत. त्यांपैकी एका संस्थेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. शुल्क कर धरून २४,००० रुपये होते, तुकडीत १६ जण होते आणि शिकवायला तिघे होते. एक प्रायोगिक रंगभूमीवर दीर्घकाळ काम केलेले दिग्दर्शक, एक आवाज आणि उच्चार यांच्या शिक्षिका आणि एक मालिकांच्या चित्रीकरणाचा अनुभव असलेले गृहस्थ. जाहिरातीत नाटक, मालिका आणि चित्रपट अशा तिन्ही क्षेत्रांसाठी परिपूर्ण तयारीचे आश्वासन होते. त्यातले नाटकाचे आश्वासन संस्थेने मनापासून पाळले, उरलेल्या दोहोंच्या बाबतीत मात्र ती फार तोकडी पडली. जे मिळाले ते मोलाचे होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आवाजाचे शिक्षण हा या वर्गाचा प्राण आहे. पहिले काही आठवडे कोणाच्याही हाती संहिता दिली गेली नाही. सतरंजीवर उताणे पडून श्वास कोठपर्यंत जातो हे पाहणे, एका उच्छ्वासात सावकाश अंक म्हणणे, खालच्या पट्टीत ओंकार धरून ठेवणे, असे साधे आणि प्रथमदर्शनी कंटाळवाणे वाटणारे सराव चालले. पण त्यानंतर वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचायला दिला, तेव्हा आपण वाक्याच्या शेवटी किती आवाज सोडून देतो हे प्रत्येकाला कळले. मराठीत क्रियापद शेवटी येते, नकारही बहुधा शेवटीच येतो. ‘मी त्याला काही सांगितले नाही’ या वाक्यातला ‘नाही’ गिळला, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पात्राने नेमके उलटे सांगितल्यासारखे वाटते. शिक्षिका दालनाच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि शब्द ऐकू आला नाही की हात वर करत. ओरडून हात खाली येत नसे, श्वास पुरवून आणि व्यंजने स्वच्छ उच्चारूनच येत असे. आजकाल बहुतेक नाट्यगृहांत रंगमंचाच्या कडेला ध्वनिक्षेपक असतात आणि त्यांच्या भरवशावर आवाजाची फेक कमावण्याकडे दुर्लक्ष होते. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो, अस्पष्ट उच्चार मात्र तो अस्पष्टच ठेवतो, हे येथे अनुभवाने शिकायला मिळते.

याच विषयात आणखी एका गोष्टीसाठी शिक्षिकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. आमच्या तुकडीत लातूरकडचा एक तरुण होता आणि आपली बोली ‘सुधारावी’ लागेल अशा धास्तीनेच तो आला होता. त्यांनी त्याला प्रमाण मराठीचे उच्चार काटेकोरपणे शिकवले, पण त्याच वेळी घरच्या बोलीतला उताराही दर आठवड्याला म्हणायला लावला, म्हणजे दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर स्वतंत्रपणे टिकाव्यात. मराठी मालिका आणि चित्रपट आता सातारा, कोल्हापूर, मराठवाडा, विदर्भ इकडच्या कथा मोठ्या प्रमाणावर सांगतात. अशा काळात नटाच्या तोंडून त्याची बोली काढून टाकणे म्हणजे त्याचे बळच काढून घेणे होय, आणि हे जाणणारे शिक्षक मला फार थोडे भेटले आहेत.

दिग्दर्शकांच्या तासांविषयीही समाधानाने लिहिता येईल. दारातून आत येणे एवढ्याच कृतीवर त्यांनी आम्हाला दीर्घकाळ खिळवून ठेवले. प्रत्येक वेळी थांबवून ते विचारत, ‘तुम्ही कुठून आलात? बाहेर ऊन होतं की पाऊस? आत कोण असेल असं वाटलं होतं?’ उत्तर नसेल तर पुन्हा बाहेर जायचे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्या पद्धतीतला ‘मी या परिस्थितीत असतो तर काय केले असते’ हा प्रश्न त्यांनी व्याख्यानातून न सांगता अशा कामातून उतरवला. भरताच्या नाट्यशास्त्रातले आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (अंतःकरणातल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकारही त्यांनी परीक्षेतल्या व्याख्येसारखे पाठ करून घेतले नाहीत. मंडईत किंवा स्वारगेटच्या स्थानकावर जाऊन एकाच माणसाचे हात पाहत राहा आणि पुढच्या वेळी ते हात घेऊन या, असा गृहपाठ ते देत. प्रवेश बसवतानाही ‘दुःख दाखवा’ किंवा ‘रागाने म्हणा’ अशी सूचना त्यांच्या तोंडून कधी आली नाही. समोरच्या पात्राकडून तुम्हाला आत्ता काय हवे आहे आणि ते मिळत नसेल तर तुम्ही काय कराल, एवढेच ते विचारत. त्यामुळे स्वतःचे वाक्य येईपर्यंत ताटकळत उभे राहण्याची हौशी नटांची सवय पुष्कळ प्रमाणात मोडली आणि समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकण्यावर लक्ष गेले. संपूर्ण शुल्क केवळ या दोन विषयांसाठी घेतले असते, तरी मी तक्रार केली नसती.

कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाला अभ्यासक्रमाच्या अखेरीस जेमतेम तीन शनिवार-रविवार मिळाले, आणि तेही एका कॅमेऱ्यावर १६ जणांनी आळीपाळीने उभे राहण्यात गेले. प्रत्येकाला एक छोटा प्रवेश, दोन टेक, आणि ‘छान, पुढचा’ असा शेरा. आपले चित्रीकरण नीट बसून पाहण्याची सोय झाली नाही, तर माणूस शिकणार कसा? रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलेली भुवईची हालचाल क्लोजअपमध्ये पडदा भरून टाकते, हे सांगून कळत नाही, स्वतःचा चेहरा पाहिल्यावरच कळते. जमिनीवर आखलेल्या खुणेवर नेमके थांबणे, नजरेची दिशा राखणे, मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, कोणत्या शब्दाला पेला उचलला होता हे लक्षात ठेवून जवळच्या शॉटमध्ये त्याच शब्दाला तो पुन्हा उचलणे, ही नटाच्या रोजच्या कामाची हत्यारे आहेत. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. शेवटचा निरोप सकाळी आणि पहिली भेट संध्याकाळी चित्रित होऊ शकते. नाटकाचा नट संपूर्ण प्रयोगाच्या चढणीने भावनेपर्यंत पोहोचतो, चित्रपटाच्या नटाला ती चढण मनात बांधून ठेवून हवी ती पायरी हव्या त्या वेळी गाठावी लागते. या फरकावर एकही सविस्तर सत्र झाले नाही.

घरून चित्रित करून पाठवायच्या चाचणीला तर अर्धा तासही मिळाला नाही. २०२० नंतर पहिली निवड बहुतांशी अशाच चित्रफितींवर होऊ लागली आहे. मोबाईल आडवा धरावा, पाठीमागे साधी भिंत असावी, प्रकाश समोरून यावा, चेहरा आणि खांदे चौकटीत असावेत, समोरच्या पात्राची वाक्ये वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा राहावा आणि त्याचा आवाज आपल्याहून मोठा येऊ नये. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगून दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवावा. एवढ्या गोष्टी प्रत्येकाकडून वर्गातच करून घेता आल्या असत्या. पुण्यात राहून मुंबईच्या कामासाठी प्रयत्न करणाऱ्याला याहून उपयुक्त कौशल्य दुसरे नाही.

उपजीविकेविषयी संस्थेने एक चांगले आणि एक अत्यंत खटकणारे काम केले. चांगले हे की निर्मिती-व्यवस्थापनात काम करणाऱ्या एका बाईंना बोलावून त्यांच्याकडून व्यवहाराची माहिती देवविली. मालिकेत मानधन बहुधा दिवसावर ठरते, दिवस सर्वसाधारणपणे १२ तासांचा धरतात आणि पैसे हाती यायला ९० दिवसांची मुदत हा रूढ व्यवहार आहे. व्यावसायिक नाटकात मानधन ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगावर मिळते, आणि तालमींचे महिने त्यात गृहीत धरलेले असतात. तेव्हा नोकरी सोडण्यापूर्वी निदान काही महिन्यांचा खर्च हाताशी असावा, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. कलाकार निवडण्याचे काम करणारी खरी व्यक्ती नटाकडून पैसे घेत नाही, नोंदणीच्या किंवा ओळखपत्राच्या नावाखाली जो रक्कम मागतो त्याच्यापासून दूर राहावे, हा त्यांचा इशारा तरुण मुलामुलींनी वहीत लिहून घेतला. आणि त्याच संस्थेने पुढच्या आठवड्यात आपल्याच छायाचित्रकाराकडून १५,००० रुपयांत छायाचित्रसंच काढून घेण्याचा आग्रह धरला. नैसर्गिक प्रकाशात काढलेली, रंगरंगोटी नसलेली, आपल्यासारखी दिसणारी मोजकी छायाचित्रे सुरुवातीला पुरेशी असतात. विद्यार्थ्याच्या अधीरतेचा असा लाभ शिक्षणसंस्थेने घेऊ नये, असे मला तीव्रतेने वाटते.

अशा वर्गाची तुलना पूर्णवेळ शिक्षणाशी करणे अन्यायाचे होईल, परंतु शुल्क भरण्यापूर्वी इतर वाटा माहीत असाव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७०च्या दशकात बंद पडलेला अभिनयाचा अभ्यासक्रम २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी शिक्षण देत आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तर मी आधी आपल्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत शिरायला सांगेन. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तिथल्या तालमींनी नटांच्या कितीतरी पिढ्या विनाशुल्क घडवल्या आहेत. वय वाढलेल्या नोकरदारांपुढे डॉ. श्रीराम लागू यांचे नाव हटकून येते. वैद्यकीय व्यवसाय सोडून १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले, तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती, हे खरे. पण त्याआधीची वर्षानुवर्षे त्यांनी पुण्यात हौशी नाटकांतून कसून काम केले होते, हेही तितकेच खरे आहे, आणि वर्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात नेमका हा दुसरा भाग सांगायचा राहिला.

जागेविषयी थोडक्यात. तालमीचे दालन स्वच्छ आणि हवेशीर होते, जमीन लाकडी नसल्याने शारीरिक सरावात गुडघ्यांना त्रास झाला, स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची वेगळी खोली होती. रात्री तालीम लांबली की दूर राहणाऱ्या मुलींना सोबत मिळेल याची काळजी संस्थेने स्वतःहून घेतली. शेवटचे सादरीकरण छोट्या रंगमंचावर तिकीट न लावता झाले. प्रत्येकाला निदान एक पूर्ण प्रवेश मिळाला, प्रमुख भूमिका शुल्क आधी भरणाऱ्यांना किंवा ओळखीच्यांना गेल्या नाहीत. प्रकाशयोजना आणि नेपथ्य आम्हीच सांभाळल्यामुळे विंगेत शांत उभे राहून दुसऱ्याची एन्ट्री सांभाळण्याची शिस्तही लागली.

ज्याला नाटकात काम करायचे आहे, ज्याचा आवाज दोन अंक टिकत नाही किंवा ज्याला रंगमंचावर आपल्या हातांचे काय करावे हे कळत नाही, त्याने या प्रकारचा वर्ग जरूर करावा. ज्याचे लक्ष केवळ मालिका आणि चित्रपट यांवर आहे, त्याने प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : प्रत्येक विद्यार्थ्याला कॅमेऱ्यासमोर एकूण किती तास मिळतील, ते चित्रीकरण शिक्षकांबरोबर बसून पाहायला मिळेल का, आणि अखेरीस ते त्याच्या हाती दिले जाईल का. आमच्या तुकडीने संस्थेला दिलेल्या अभिप्रायातही हीच मागणी केली आहे, आणि पुढच्या तुकडीसाठी कॅमेऱ्याचे तास दुप्पट करण्याचे संचालकांनी मान्य केले आहे.