कॅम्परचा (झोपायची-अंघोळीची सोय असलेल्या गाडीचा) गीझर: टाकीवाला घ्यावा की इंस्टंट?

थंडीत इंदूरहून पचमढीला गाडी घेऊन जायचं तर सकाळी गरम पाणी लागतंच. आमच्या फोर्स ट्रॅव्हलरमध्ये (गाडी आपल्या पीथमपूरच्या कारखान्यातलीच, आतलं सगळं नंतर करून घेतलंय) 15 लिटरचा करंटवर चालणारा टाकीवाला गीझर आहे आणि दिरांच्या गाडीत गॅसवरचा इंस्टंट (टाकी नाही, पाणी वाहतानाच तापवतो), त्यामुळे दोन्ही वापरून झालेत.

इंस्टंट विकताना सगळे एकच सांगतात, गरम पाणी कधी संपतच नाही. अहो पण गाडीत मुळात पाणीच 100 लिटर, ते संपल्यावर गीझर काय करणार! आणि पाणी वाचवायला म्हणून आपण अंग भिजवलं, शॉवर बंद, साबण, परत चालू असं करतो ना, तेवढ्यात तो विझतो आणि परत पेटून गरम येईपर्यंत डोक्यावर गार पाणी, पचमढीच्या डिसेंबरात! धार बारीक ठेवली तर पेटतच नाही. सासूबाई मात्र बादली-तांब्यावाल्या, नळ पूर्ण सोडून बादली भरली की काम झालं, त्यामुळे त्यांना दिरांचाच आवडतो आणि त्यांचं बरोबरच आहे.

आमच्या 15 लिटरात 60 डिग्रीचं पाणी असलं की गार मिसळून 25-27 लिटर अंघोळीजोगं होतं, शॉवर जपून घेतला तर दोघांचं आरामात. तिसऱ्याने थांबायचं, 2 किलोवॅटवर वीस-पंचवीस मिनिटं. त्याला 9 अँपिअर लागतात, म्हणजे रिसॉर्टवाल्याकडे जाडा सॉकेट आहे का ते आधीच विचारायचं. करंटवरचा इंस्टंट तर गाडीत विसराच, 3 किलोवॅट 12 व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचे म्हणजे 250 अँपिअर, इन्व्हर्टरचा जीव जाईल. अमेरिकेतल्या आरव्हीत (तिकडच्या कॅम्परमध्ये) टँकलेस म्हणजे इंस्टंट बहुतेक गॅसवरचेच असतात, ताशी 42,000 बीटीयूच्या (उष्णतेचं माप) पुढे, टाकीवाल्यांचं साधारण 12,000 मध्ये भागतं.

शॉवर घेणाऱ्यांनी टाकीवालाच घ्यावा असं माझं मत.

आणि एक, बाथरूममध्ये लावायचा घरगुती गॅस गीझर स्वस्त मिळतो म्हणून गाडीत आत अजिबात लावू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, कळतही नाही. धूर बाहेर सोडणारा आणि जळायला हवाही बाहेरूनच घेणारा, गाडीसाठीच बनवलेला घ्या. वाटेत बोअरचं पाणी भरत असाल तर इंस्टंटच्या बारीक नळ्या क्षाराने लवकर चोंदतात. टाकीतही खार बसतो, पण खालून गाळ काढता येतो, फक्त ते बूच हाताला येईल असं बसवायला सांगा, नाहीतर दरवेळी बेड उचलत बसा.