डिजिटल सातबारा, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव त्या सोळा अंकांत

जूनपासून महाभूमी या शासनाच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत सातबारा काढतो आहे. तो कसा काढायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट त्रासाचंच सांगतो.

पीक कर्जासाठी पहिला सातबारा काढला, तेव्हा सेतू केंद्रातल्या प्रिंटरचं टोनर संपत आलं होतं. मागचं शासनाचं पुसट बोधचिन्ह, म्हणजे तो वॉटरमार्क, कागदावर उमटलाच नाही. बँकेतल्या साहेबांनी कागद उजेडात धरला आणि परत दिला. "मागचं चिन्ह दिसत नाही, तलाठ्याचा शिक्का आणा." डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्याच कागदावर छापलेलं होतं. मी वाचून दाखवलं, पण उपयोग झाला नाही. तालुक्याला तीन चकरा झाल्या, दोनदा तलाठी भेटले नाहीत आणि सोयाबीनचं बियाणं उधारीत आणावं लागलं. पंधरा रुपयांचा कागद मला हजाराला पडला. तेव्हा हा प्रकार बंदच करा, असं माझं मत होतं.

दिवाळीनंतर ते बदललं. शेजारच्या गावातलं एक वावर घ्यायचं चाललं होतं. मध्यस्थानं सातबाऱ्याची प्रिंट आणली. चिन्ह ठळक, क्षेत्र १.६२ हेक्टर. इसाराची रक्कम मी घरून काढूनही आणली होती. पुतण्या म्हणाला, "काका, खालचा नंबर टाकून तं पाहा." महाभूमीवर टाकला, तर स्क्रीनवर ०.६२. एका आकड्यात हेक्टरभर जमीन! मग कागद नीट पाहिला. तो '१' बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड होता. 'इतर अधिकार' या रकान्यातला सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंदही उडवलेली होती. वॉटरमार्क मात्र जसाच्या तसा.

तो वॉटरमार्क शेवटी एक चित्र आहे. वरचे आकडे बदलले तरी ते मागे तसंच राहतं. खरी राखण डिजिटल स्वाक्षरी करते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी स्वाक्षरी तपासताना ते पकडलं जातं. पण प्रिंट काढली की स्वाक्षरी फाइलीतच राहते, कागदावर येतो तो सोळा अंकी पडताळणी क्रमांक.

आणि तोच क्रमांक सगळ्यात बारीक अक्षरात, अगदी तळाशी! झेरॉक्स काढताना कागद जरा सरकला की ती ओळ कापली जाते. आकडे इंग्रजी असल्यामुळे फिक्या प्रतीत तीन आणि आठ ओळखू येत नाहीत. ज्याच्यावर शेतकऱ्याचं वावर टिकून आहे तो आकडा गट नंबराइतका मोठा, वरच्या बाजूला छापायला काय हरकत आहे?

आता मी प्रिंट हाती आली की तो क्रमांक निळ्या पेनानं वर मोठ्या अक्षरात लिहितो. व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवायचा तर फोटो नाही, मूळ फाइलच पाठवतो. मागच्या महिन्यात बँकेत हाच नंबर पुढे केला आणि टाकून बघा म्हणालो. खिडकीवरच्या ताईंनी टाकला. दोन मिनिटांत माझं वावर त्यांच्या स्क्रीनवर होतं. शिक्का कुणी मागितला नाही.