एचडॅक अ‍ॅक्टिव्हिटी किट: अडीच तारे

एचडॅक म्हणजे प्रथिनांवरचा अ‍ॅसिटिल गट कापून काढणारी एन्झाइमं. त्यांची क्रिया चमकेवरून मोजणारं हे किट उंदराच्या नवजात पिलांच्या हृदयपेशींवर महिनाभर वापरलं. पहिल्या वर्गाच्या एचडॅकसाठी झकास. ट्रायकोस्टॅटिन (एचडॅक रोखणारं रसायन) घातलं की चमक लगेच बसते. आमचा जीव मात्र दुसऱ्या वर्गातल्या एचडॅक-४ मध्ये अडकलेला. फिनाइलेफ्रिन (हृदयपेशी वाढायला लावणारं औषध) दिलं की कॅमकायनेज-२ हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, १४-३-३ प्रथिनासोबत तो केंद्रकाबाहेर जातो, त्यानं दाबून धरलेलं एमईएफ-२ (जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळं सुटतं आणि पेशी फुगते. किट म्हणतं, काहीच घडलं नाही! दिसणार कसं? एचडॅक-४ च्या क्रियास्थळी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन असतं. साधा अ‍ॅसिटिल सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) त्याला जवळजवळ कापताच येत नाही. ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिलवाला लागतो. डब्यावर मात्र ठळक छापलंय, ‘सर्व एचडॅक’. एचडॅक-४ केंद्रकात आहे की बाहेर, ते शेवटी अँटिबॉडी लावून मायक्रोस्कोपखालीच बघितलं. उरलेलं अर्धं किट फ्रीजरमध्ये पडून आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.